अलास्काच्या नदीचा कौल

सळईनं भरलेला टेम्पो सकाळपासून फाट्यावर उभा होता. तिथून डावी वाट खाली मळईत उतरते, गोदावरीच्या काठाला, जुन्या विहिरीपाशी. उजवी वर माळावर चढते, जिथं हरळीसुद्धा आग्रह केल्याशिवाय उगवत नाही. टेम्पोनं कोणती वाट धरायची हे मात्र अलास्कातली एक नदी ठरवणार होती. ही अक्कल कौसल्येची, आणि सकाळपासून ती आपल्या अकलेवर फार खूश होती.

ड्रायव्हर सीट मागं टाकून, पाय खिडकीबाहेर काढून पडला होता. जालन्याच्या एमआयडीसीतून तो पहाटेच निघाला होता आणि दुपारी त्याला अंबडहून दुसरं भाडं होतं. ऊन डोक्यावर आलं की मी चाललो, तोवर ठरवा, नाहीतर रस्त्यातच टाकून जातो, असं त्यानं आल्याआल्याच सांगून टाकलं होतं. एकदा उतरवलेली सळई पुन्हा उचलायची हौस या खटल्यात कुणालाच नव्हती. सळई उतरेल तिथं घर, हे कुणी न बोलता सगळ्यांना मान्य होतं.

मागच्या भादव्यात नाथसागर काठोकाठ भरला, पैठणच्या धरणातून पाणी सुटलं, आणि डोक्यावर ढगाचा ठिपका नसताना नदी उंबरा ओलांडून आत आली. पाणी ओसरलं तेव्हा राधाकिसन आबांच्या घराच्या भिंती ताकात पडलेल्या भाकरीसारख्या बसल्या होत्या. तेव्हापासून सगळं बिऱ्हाड फाट्यालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये होतं, आणि तेव्हापासून घरात दोन पक्ष होते. एक खालचा, एक वरचा.

कौसल्येला माणसं तोलायची सवय. वाणी रोज गल्ल्याची बाकी काढतो तशी ती रोज सकाळी चुलीपुढं बसून कोण कुणाकडं किती झुकलं याची बाकी काढी. सासरे खाली, हे पक्कं. त्यांचा बाप मेंढरं घेऊन फिरता फिरता पहिल्यांदा थांबला तो खाली विहिरीजवळच्या साती आसरांच्या दगडांपाशी, आणि बापाची जागा सोडणं म्हणजे आबांना बाप सोडण्यासारखं होतं. धाकटा दीर पप्पू खाली, कारण विहीर खाली, गोठा खाली, आणि मुख्य म्हणजे थोरला भाऊ वर म्हणतो. तो थोरला म्हणजे कौसल्येचा नवरा रामप्रसाद. अंबडच्या शाळेत पोरांना उभ्या जागी गप्प करणारा माणूस, पण बापापुढं त्याचं ‘वर’ कायम घशातच अडकायचं. जाऊ शालू तोंडानं खाली, मनानं अर्धी वर. मागच्या साली गाळ उपसताना तिची कंबर गेली होती. पण माळावर पाणी डोक्यावरून वाहावं लागेल याचीही तिला धास्ती. कौसल्येनं तिला जोत्याच्या आधी नळ आणायचा शब्द दिला आणि तिचं उरलेलं अर्धंही वर ओढलं. राहिली सासू, आसराबाई. तिचं कौसल्येनं वेगळं वजन कधी केलंच नव्हतं. ती आबांच्याच पारड्यात धरलेली.

परवा आबांनी जाहीर केलं की भांडण बस झालं, आता आसरांच्या दगडाला फूल लावून कौल घेतो. या घरात मोठी गोष्ट अशीच ठरते. ओलं फूल दगडावर चिकटवायचं, डावं पडलं की खाली, उजवं पडलं की वर. लग्न होऊन आल्यापासून कौसल्येनं पुष्कळ फुलं पडताना पाहिली होती, आणि एकही आबांच्या मनाविरुद्ध पडलेलं नव्हतं.

“मामा,” ती सगळ्यांदेखत सासऱ्यांना म्हणाली, “फुलाला पाणी किती लावायचं ते तुमच्या हातात ऱ्हातं. असा कौल लावू, जिथं कुनाचाच हात पोचत न्हाई.”

आबांचा चेहरा उतरला नाही, उलट फुलला. डिवचलं की त्यांना तेज चढतं, हेही कौसल्येच्या हिशेबात होतं. लाव म्हणाले, कुठं लावायचा तिथं लाव.

तिनं लावला तो प्रांजलीच्या नदीवर.

प्रांजली तिची लेक. पाण्याचं शिकायला म्हणून अलास्कात गेली, आणि आता समुद्रकाठच्या एका लहान गावात हिमनदीतून निघणाऱ्या नदीचं पाणी मोजते. रोज ती आईला आवाजी निरोप पाठवायची. त्यात स्वतःच्या तब्येतीबद्दल एक वाक्य आणि बाकी सगळा तिथल्या किनाऱ्याचा हवामान अंदाज. वारा कुठून, लाटा किती उंच, लहान होड्यांनी बाहेर पडावं की पडू नये. समुद्र जन्मात न पाहिलेलं हे घर दोन वर्षं रोज तो अंदाज ऐकत होतं. आसराबाई तर उठल्या उठल्या विचारायची, दर्या कसाय. गावात सोयाबीनचा भाव कुणाला ठाऊक नसला तरी उत्तरेकडच्या समुद्रातल्या लाटा आबांच्या घरी तोंडपाठ असायच्या.

त्या गावाच्या वर डोंगरात एक तळं आहे, बर्फाच्या भिंतीनं अडवलेलं. उन्हाळाभर ते भरत जातं, आणि एक दिवस पाण्याला बर्फाखालून वाट सापडते. मग आभाळ कोरडं असतानाही नदी फुगते. आबांनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाले होते, म्हणजे त्यांच्याकडं बी पैठण हाय. परवाच्या निरोपात प्रांजलीनं सांगितलं की तळं रिकामं व्हायला लागलंय आणि पाणी धोक्याची लाल रेघ ओलांडण्याची शक्यता जास्त आहे. वेळ धरली तर आपल्याकडची आजची सकाळ. कौसल्येनं तिथंच डाव मांडला. ऊन डोक्यावर यायच्या आत पाण्यानं लाल रेघ गाठली तर घर वर, नाही गाठली तर खाली. प्रांजलीला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर पोरीनं भाषण दिलं असतं.

तर सकाळपासून रामप्रसादचा फोन सिमेंटच्या पोत्याला टेकवून ठेवलेला, आणि त्याच्यापुढं सगळं खटलं, शिवाय अर्धी आळी. पुलावर बसवलेल्या कॅमेऱ्यातून नदी दिसत होती. राखाडी, गढूळ, काठानं वाळूच्या पोत्यांची भिंत. कोपऱ्यात आलेख, निळी रेघ चढत चाललेली आणि तिच्या वर ती लाल.

“ही नदी म्हंता?” पप्पू म्हणाला. “आपला डावा कालवा हिच्याहून रुंद हाय, वैनी.”

तेवढ्यात मुळ्यांसकट अख्खं झाड पुलाखालून गेलं. पप्पूचं तोंड उघडंच राहिलं. त्याच्यामागं पांढरं काहीतरी तरंगत आलं, म्हशीएवढं. कुणी म्हणालं डबा, कुणी म्हणालं फ्रीज. रामप्रसादनं बर्फ आहे म्हटल्यावर सगळे अजून पुढं सरकले. निळी रेघ सरसर वर निघाली. शालू नवऱ्याच्या पाठीमागून टाचा उंचावून बघत होती आणि प्रत्येक वेळी रेघ हलली की कौसल्येच्या दंडाला चिमटा काढत होती. माणसं कुस्तीच्या फडात असल्यासारखी ओरडायला लागली. खालच्या पक्षाचे आबासुद्धा गुडघ्यावर हात रोवून पुढं वाकले होते.

“चढतंय, चढतंय, अजून एक हात,” ते म्हणाले, आणि मग आपण कुणाच्या बाजूचे हे आठवून मागं सरले.

सगळे हसले. आसराबाई तेवढी हसली नाही. हिरवा पदर डोक्यावर घेऊन ती खांबाला टेकून बसली होती. कुणाच्या तरी घरात पाणी शिरायला बसलंय आणि तुम्ही टाळ्या पिटून राह्यले, एवढंच ती म्हणाली. घटकाभर आवाज खाली आला. मग रेघ पुन्हा हलली आणि तिचं बोलणं सगळ्यांच्या डोक्यातून गेलं. कौसल्येच्याही. लाल रेघ आता बोटभर वर होती, आणि ती मनातल्या मनात माळावरच्या घराला खिडक्या लावत होती.

मग दोन गोष्टी झाल्या. तिकडे दिवस मावळला, त्यामुळे पडद्यावरची नदी काळी होऊन गेली. पुलावरचा एक दिवा तेवढा उरला. इकडे भर उन्हात माणसं डोळ्यांवर हात धरून त्या अंधारात बघत बसली. दुसरी गोष्ट, निळी रेघ थांबली. लाल रेघेला टेकायच्या आधीच आडवी झाली, दमलेल्या बैलासारखी. रामप्रसादनं फोन हलवून पाहिला. कौसल्येनं तो हिसकावून स्वतः हलवून पाहिला. रेघ आडवीच.

पप्पूनं मांडी बदलली आणि नुसता सुस्कारा सोडला. त्या सुस्काऱ्यात किती आनंद आहे हे कौसल्येला बरोबर कळलं. ड्रायव्हरनं पाय आत घेऊन सीट सरळ केली. तिनं लेकीला फोन लावला.

प्रांजलीच्या आवाजामागं पाण्याचा आवाज होता, चक्की चालल्यासारखा. कौसल्येनं अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, काय म्हणते नदी.

“आई, मस्त बातमी आहे. थांबलीय,” प्रांजली म्हणाली. “बर्फाखालची वाट अजून मोठी झालेली न्हाई. रात्रीतून चढेल, कदाचित चढणारबी न्हाई.”

“अगं, पण तू तर म्हन्ली व्हतीस रेघ ओलांडतंय म्हणून.”

“शक्यता जास्त म्हणाले होते. अंदाज असतो तो आई, वायदा नसतो. पण तुझा आवाज असा का पडला?”

कौसल्येनं काहीतरी सावरून नेलं असतं, पण पप्पूला आता धीर नव्हता. वैनी, सांगून टाका कौलाचं, असं तो मोठ्यानं म्हणाला. पलीकडून प्रांजलीनं विचारलं, कसला कौल. आणि शालू, जिला दोन्ही पक्षांत राहायची सवय पडली होती, तिनं सळई, टेम्पो, मळई, माळ, लाल रेघ असं सगळं एका दमात सांगून टाकलं.

प्रांजलीनं आईला सोडून थेट आजोबांना गाठलं.

“आबा, तुमी नदीला कौल लावला?”

“तुझ्या आईनं लावला,” आबा म्हणाले. “मी हो म्हन्लो.”

“इथं आम्ही सगळे देव पाण्यात घालून बसलोय, रेघ गाठू नये म्हणून. आणि तिकडं माझी सख्खी आई ती गाठावी म्हणून बसलीय.”

 आळीतले दोघे-तिघे हसले. अशा वेळी हसणारी माणसं ती सहसा लक्षात ठेवायची. आज तेवढंही सुधरलं नाही. कान गरम झाले होते. पण त्याहून तिला लागलं ते वेगळंच. बातमी सांगताना पोरीच्या आवाजात खरा आनंद होता, आणि त्या आनंदानं आपलं मन खट्टू झालं, हे तिला स्वतःलाच दिसलं.

आसराबाईनं हात पुढं करून फोन मागितला. बोलताना ती नेहमीसारखी आडवा धरून, तोंडापासून हातभर लांब ठेवून बोलली. काठावरची लोकं कुठं गेली, असं तिनं नातीला विचारलं. प्रांजलीनं सांगितलं की ती कालच निघून गेली, कुणी शाळेत, कुणी पाहुण्यांकडे. पाणी आल्तं का, असं आसराबाईनं विचारलं. नाही, अंदाज आला म्हणून गेली, असं प्रांजली म्हणाली.

“आन पाणी आलंच न्हाई तर?”

“तर परत येतील आजी. सामान लावतील. पुढच्या साली पुन्हा निघतील. इथं आता दरवर्षीचंच झालंय.”

“म्हंजी घर बांधून बी बिऱ्हाड पाठीवरच,” आसराबाई म्हणाली. नातीला जेवून घे, पाण्याजवळ जास्त जाऊ नको असं सांगून तिनं फोन रामप्रसादकडं दिला आणि उठली. कुणाचं लक्ष नव्हतं. कौसल्येला वाटलं, चहाचं बघायला गेली असेल.

ऊन डोक्यावर आलं. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, लांब आणि निर्लज्ज. निळी रेघ लाल रेघेच्या खालीच होती. आबा उठले, टोपी नीट केली.

“कौल खाली पडला,” ते म्हणाले.

कौसल्येनं शेवटचा प्रयत्न केला. पोरगी म्हणतेय रात्रीतून चढेल, घडीभर थांबा, ड्रायव्हरला मी समजावते. आबा तिच्याकडं बघून हसले, दुष्टपणानं नाही, हरलेल्या गड्याच्या पाठीवर थाप मारतात तसं.

“फुलाला पाणी मी लावत व्हतो म्हन्लीस. ह्या रेघंला कुनी लावलं?”

तेवढ्यात रामप्रसादचं घशातलं ‘वर’ अखेर बाहेर आलं.  कौल काही म्हणो, मी खाली राहणार नाही, असं तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण सगळ्यांनी ऐकला. पप्पू ताडकन उठला.

“मंग वाटण्या करा,” तो म्हणाला. “तुमी वर, आमी खाली. अर्धी सळई इकडं, अर्धी तिकडं.”

 आळीतली माणसं पायताणं शोधायला लागली. वाटण्या हा शब्द या घरात अजून कुणी उच्चारला नव्हता. मनातल्या हिशेबात कौसल्येनं अनेकदा त्याच्या जवळून जाऊन अंग काढून घेतलं होतं, पण दिरानं तो सगळ्यांसमोर टाकून दिला. एक घर कुठं बांधायचं या भांडणातून आता दोन घरं होत होती. शालू तिच्याकडं बघत होती. आबा पप्पूला काहीतरी झापायला वळले. टेम्पो सुरू झाला होता, डावा दिवा लुकलुकत होता.

“अरे, बापाच्या जिवंतपनी तू वाटण्या म्हंतो? मी अजून—”

आबांचं वाक्य तिथंच राहिलं. ते शेडच्या बाहेर, उजवीकडं, वर बघत होते. कौसल्येनं वळून पाहिलं. उघड्याबोडक्या माळावर, मधोमध, धुराची एक बारीक शेपटी वर निघाली होती. धुरापाशी कुणीतरी बसलं होतं, डोक्यावर हिरवा पदर.

आबा आणि आसराबाई मेंढरांमागं फिरायचे तेव्हाची ही रीत होती. सकाळी तळ उठला की गडी मेंढरं चारत एका अंगानं जायचे, आणि बाया घोड्यावर बिऱ्हाड लादून दुसऱ्या अंगानं पुढं निघायच्या. तळ कुठं टाकायचा ते गड्यांना नेमकं कधी कुणी सांगत नसे. पाण्याची ओल, वाऱ्याचा रोख, जमीनवाल्याचा स्वभाव, सगळं बघून बाई तीन दगड मांडायची आणि जाळ करायची. संध्याकाळी गडी एखाद्या टेकाडावर चढून धूर शोधायचा. धूर दिसला की मेंढरं तिकडं वळवायची. तेच त्या रातीचं घर. राधाकिसन आबा उभ्या आयुष्यात पाटलांशी भांडले, वनखात्याच्या शिपायांशी भांडले, सख्ख्या भावांशी भांडले. पण चूल इथं का मांडलीस, असं त्यांनी आसराबाईला कधी विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

आताही त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. काठी घेतली, शेडमधून बाहेर पडले, फाट्यावर आले आणि उजवीकडं वळले.

“आबा,” पप्पू मागून म्हणाला, “कौल?”

“कौल खालचाच हाय. त्येला कोन न्हाई म्हन्लं?”

“मंग?”

“भूक लागलीय,” आबा म्हणाले, आणि चालत राहिले.

कौसल्या त्यांच्यामागं निघाली तेव्हा तिला हसू की रडू तेच कळेना.  सगळी माणसं तोलली, जावेला फोडलं, दोन वर्षांचे अंदाज पणाला लावले, एक अख्खी परदेशी नदी कामाला जुंपली. आणि जिचं वजन करायला आपण विसरलो, ती म्हातारी शेडपाशी आणून ठेवलेले जुन्या भिंतीचे तीन दगड ओटीत घालून गुपचूप टेकाड चढून गेली. तेही भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. बघणारे सगळे फोनमध्ये.

मागं हॉर्न वाजला. तिनं वळून पाहिलं. शालूनं पदर कमरेला खोचला होता आणि टेम्पोपुढं उभी राहून दोन्ही हातांनी ड्रायव्हरला उजवी वाट दाखवत होती. पप्पू तिला काहीतरी बोलत होता. ती त्याच्याकडं न बघता हात हलवतच राहिली. डावा दिवा विझला. टेम्पो कण्हत कण्हत चढाला लागला, निम्म्यावर येऊन मागं सरकला. तेव्हा मात्र पप्पू धावला. दोन्ही हातांत मावेल एवढा धोंडा त्यानं चाकामागं दडपला आणि ड्रायव्हरवर ओरडला, पहिला गिअर टाक, बिलकुल सोडू नको. रामप्रसाद दुसऱ्या चाकाशी पोचला होता. दोघे भाऊ वाकून, एकमेकांकडं न बघता, धोंडे सरकवत टेम्पोमागं वर येऊ लागले.

माळावर वारा होता. आसराबाईनं पातेल्यातल्या पाण्यात चहाची पूड टाकली आणि मान वर न करता नवऱ्याला म्हणाली, उशीर केला. आबा तिच्यासमोर उकिडवे बसले. बराच वेळ त्यांनी धुराकडं पाहिलं, धूर कुणीकडं वाकतो ते. खाली नदीकडं एकदा पाहिलं. मग धोतराचं टोक हाताला गुंडाळलं.

“वाऱ्याच्या तोंडी मांडलीस,” ते म्हणाले, आणि तापलेला दगड धरून त्यांनी चुलीचं तोंड फिरवलं.